दिगंबरकाकांचं जाड अक्षर

आमच्या आबिड्सच्या बोर्डांच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. झाडून काढले तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा साचतात. बरेचसे हसण्यावारी नेण्यासारखे. एका अक्षराचे मात्र मी दिवसाढवळ्याच सांगते.

हे अक्षर दिगंबरकाकांचं. आयुष्यभर त्यांनी ब्रशने दुकानांच्या पाट्या रंगवल्या. धावत्या बसमधून वाचता यावं म्हणून अक्षर जाडजूड, शिरोरेघ तुळईसारखी. हात थरथरायला लागला तेव्हा मी त्यांच्याकडून सगळी अक्षरं कागदावर काढून घेतली आणि कॉम्प्युटरवर त्यांचा फॉन्ट केला. काका खूश!

पण इथल्या, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या मराठी घरांची रीत अशी, की लग्नपत्रिका इंग्रजीत आणि श्रद्धांजलीचा बोर्ड तेवढा मराठीत. त्यामुळे काकांचं अक्षर दुसऱ्या कशाला लागलंच नाही. ते हळहळायचे. "बाई, डोळे मिटायच्या आत एकदा तरी माझं अक्षर शुभकार्याला लागू दे."

* * *

म्हणून हिमायतनगरच्या एका आजोबांच्या पंचाहत्तरीचा बॅनर मी हौसेने त्यात केला. तरुण मंडळींना मराठी वाचता कुठे येतंय! अक्षराची जाडी बघूनच जो तो काय ते समजला. दुपारी भाचा पांढऱ्या कपड्यांत रडत आला. दार आजोबांनीच उघडलं.

"अरे, केक आहे अजून! रडतोस काय?"

* * *

अफझलगंजच्या एका मिठाईवाल्याने त्याच अक्षरात पाटी लावली. पहिलं गिऱ्हाईक चपला बाहेर काढून, मान खाली घालून आत आलं.

"मय्यत कितने बजे उठा रैं, भाई?"

पाटी त्याच दिवशी उतरली.

* * *

एकदा एक गृहस्थ श्रद्धांजलीचा बोर्ड सांगायला आले. म्हणाले, "अक्षर जाडच घ्या. तारीख तेवढी कोरी ठेवा."

"कोण हो आपले?"

"फार जवळचे."

ते गेल्यावर मी त्यांनी दिलेल्या पाकिटातला फोटो काढला. त्यांचाच!

तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा तीच ऑर्डर घेऊन आला. बोर्ड तयार होता. मी फक्त तारीख भरली.

* * *

आमचे मशीनवाले रफीकभाई तेव्हापासून बिथरले. "ये अक्षर में जिंदे आदमी का नाम नक्को डालो, बाजी!"

मी हसले खरी, पण नमुना म्हणूनसुद्धा माझं नाव त्यात टाइप करत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

* * *

मग काकांच्या नातीचं, मंजिरीचं लग्न ठरलं. घरचे सगळे त्या अक्षराला नको म्हणत होते. पोरगी हटली नाही. "आजोबांचं अक्षर नसेल तर बोर्डच नको." रफीकभाईंनी मशीनला हात लावला नाही, प्रिंट मीच काढली. 'मंजिरी आणि अभय', लालभडक, ठसठशीत! काका बोर्डासमोर उभे राहून लहान मुलासारखे रडले.

लग्नाच्या सकाळी हॉलवर पोचले, तर बोर्डावर पांढऱ्या फुलांचा हार. गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसला. आणि नेमका मंजिरीच्या नावावर! डेकोरेशनवाला शपथेवर सांगत होता, त्याने पांढरं फूल आणलंच नव्हतं. मंजिरीची आई बोर्डच उतरवायला धावली.

काका पुढे झाले. हार उतरवला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

"पत्ता चुकला. हा माझा आहे. चला, मुहूर्त टळेल!"

आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

शेवटच्या मंगलाष्टकाआधी मी उरलेल्या अक्षता घेऊन त्यांच्यापाशी गेले. काकांची ओंजळ पुढेच होती, नजर बोर्डावर. मी अक्षता टाकल्या.

ओंजळ मिटली नाही.