छकुलीच्या ताटातला भात

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कुणी 'चाखून बघा' म्हणत तुकडा पुढे केला, की मी आधी त्या माणसाकडे बघते आणि मग तुकड्याकडे. आई म्हणते, या प्रतीक्षाला पोलिसात घाला. नववीत असताना तर मला खात्रीच होती की जगात सगळे काही ना काही लपवतायत आणि ते शोधून काढायची जबाबदारी माझ्यावर आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेचं तीन दिवसांचं शिबिर निघालं. कुठे, तर कार्ल्याला. म्हणजे घरापासून वीस मिनिटांवर. भातकापणी झालेल्या एका खाचरात तंबू ठोकले होते आणि सतरंजीखालून धसकटं टोचत होती. शिबिर चालवणारा प्रदीपदादा आम्हाला जंगलात कसं राहायचं ते शिकवत होता, आणि मागे हायवेवर गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

आमच्या वर्गातल्या छकुलीचं घर त्याच खाचराच्या वरच्या डोंगरावर, वाडीत होतं. रोज तासभर उतरून ती खाली यायची, मग बस पकडून शाळेत. पावसाळ्यात तिचा गणवेश गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला असायचा, पण पहिल्या तासाला ती गैरहजर राहिलेली मला आठवत नाही. बोलायची मोजकं. प्रदीपदादाने दोरीची गाठ शिकवायला घेतली, तेव्हा त्याचं बोलणं संपायच्या आत हिची गाठ मारून झाली होती, आणि कुणी बघायच्या आत तिने ती सोडूनही टाकली. मी मात्र बघितलं. येत असताना न येण्याचं सोंग करणारी मुलगी म्हणजे दाल में कुछ काला, असं मी मनात लिहून ठेवलं.

पहिल्या दिवशी जेवताना प्रदीपदादाने पातेल्याचं झाकण काढलं आणि फुशारकी मारली की हा इंद्रायणी तांदूळ याच शिवारातला, यंदाचा नवा, वास बघा नुसता. वास खरंच असा होता की मुलांनी तीन-तीनदा वाढून घेतला. छकुलीने भात घेतलाच नाही. संध्याकाळीही नाही. सोबत आलेले राजेंद्र सर विचारतील म्हणून दुसऱ्या दिवशी तिने चमचाभर वाढून घेतला आणि ताट धुवायला नेताना तो हळूच कुत्र्यापुढे टाकला.

मावळातली पोरगी आणि भात खात नाही? मी पाळतच ठेवली. दुपारी ती चुलीमागे गेली, मी तंबूआडून बघत राहिले. स्वयंपाक करणाऱ्या सावित्राबाईंनी तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. नाचणीची भाकरी होती. दोघी बांधाकडे तोंड करून भाकरी आणि ठेचा खात बसल्या. पातेलंभर भात बाजूला वाफाळत असताना! ज्या बाईने तो शिजवला, तीच त्याला शिवत नव्हती. सावित्राबाई छकुलीच्याच वाडीतल्या, हेही मी शोधून काढलं होतं. आता काही सिद्ध करायचं राहिलंच कुठे होतं?

त्याच संध्याकाळी आमच्या वर्गातले विक्की आणि सनी पोट धरून लोळायला लागले. दोघांनाही उलट्या झाल्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कितीही लाज वाटली तरी. त्या दोघांनी दुपारी तंबूत लपून किलोभर चॉकलेट फज संपवलं होतं आणि वर टाकीचं गार पाणी ढोसलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण फजमध्ये मजा कसली? दोन दिवस जपलेला माझा संशय त्याहून कितीतरी चविष्ट होता. मी तडक राजेंद्र सरांकडे गेले आणि सांगितलं की भातात काहीतरी आहे, स्वयंपाकवाल्या मावशी स्वतः तो खात नाहीत आणि छकुलीलाही खाऊ देत नाहीत.

सर वाईट नव्हते. चाळीस पोरं अंगावर होती आणि आधीच एका पालकाचा फोन येऊन गेला होता. त्यांनी सगळ्यांना ताटं खाली ठेवायला सांगितली आणि सावित्राबाईंना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या. सरांनी विचारलं, तुम्ही हा भात खात नाही, हे खरं का?

"व्हय," त्या म्हणाल्या. "आमच्या वाडीचं नवं व्हायचंय अजून. देवाला नैवेद्य दावल्याबिगर नवा तांदूळ आमी तोंडात घालत न्हाई."

वाडीतल्या सगळ्या घरांची भाताची झोडणी उरकली की मंगळवारी देवापुढे नव्या भाताचा नैवेद्य ठेवतात, आणि मगच घरात तो भात शिजतो. छकुलीही तेच पाळत होती, हे त्यांनी सांगितलं. वर्गात कुणी हसू नये म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता सगळं मिटेल. पण मी पेरलेला संशय माझ्या एकटीचा राहिला नव्हता. कुणीतरी पुटपुटलं, हे आत्ता सुचलेलं कारण आहे. प्रदीपदादाला शिबिराच्या नावाची काळजी. त्याने मार्ग काढला की मावशींनी सगळ्यांसमोर चार घास खावेत म्हणजे पोरांची भीती जाईल, नाहीतर उद्यापासून त्याला लोणावळ्याहून दुसरं कुणीतरी आणावं लागेल.

भात निघाल्यावर वाडीत काम नसतं. शिबिरांचे तीन-चार महिने, एवढीच सावित्राबाईंची कमाई. हे प्रदीपदादाला ठाऊक होतं, छकुलीला ठाऊक होतं. सावित्राबाईंनी पातेल्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"काम ऱ्हाऊ द्या मग," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून आपली पिशवी उचलायला वळल्या.

तेव्हा छकुली रांगेतून उठली. तिने ताट घेतलं, पातेल्यातला भात स्वतःच्या हाताने वाढून घेतला आणि सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसली. आधी ताटाला हात लावून तो कपाळाला लावला. मग खायला लागली. सावित्राबाई म्हणाल्या, "कशाला गं बाय." छकुलीने मान वर केली नाही. वरण नाही, मीठ नाही, नुसता कोरडा भात ती एकेक घास गिळत होती आणि चाळीस पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती, तिला काही होतंय का ते.

माझ्या आजोबांच्या हातचं पाणी त्यांच्या गावात कुणी घेत नसे. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे आणि दर वेळी माझं रक्त उसळलं आहे. आणि इथे एका बाईच्या हातच्या अन्नावरून अख्खी पंगत मी उठवली होती. मला स्वतःची किळस आली. मी उभी राहून फजचं सांगितलं, पण तोवर तिचं अर्धं ताट संपलं होतं.

सरांनी तंबूतून रिकामा खोका काढला, विक्कीने कबूल केलं, पोरं हसली आणि भातावर तुटून पडली. सावित्राबाईंचं काम राहिलं. प्रदीपदादा त्यांना दोनदा 'मावशी, राग मानू नका' म्हणाला. छकुलीने ताट संपवलं, धुतलं आणि पालथं घातलं. मी माफी मागायला गेले तर म्हणाली, ऱ्हाऊ दे.

पुढच्या बुधवारी मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. आदल्या दिवशी वाडीचं नवं झालं होतं. घरी काय झालं, मी विचारलं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, वडिलांना तिने खरं सांगून टाकलं होतं की शिबिरात नवा भात खाल्ला. का खाल्ला, ते सांगितलं नाही. सावित्राबाईंनाही सांगू दिलं नाही, उगाच शाळेचं नाव नको. वडील रागावले नाहीत. नैवेद्य ठेवल्यावर त्यांनी तिला देवापुढे उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवाला हात जोडून म्हणाले, पोर हाय, भूक लागली आसंल, चूक पोटात घाल.

"आन् मी गप उभी," छकुली म्हणाली. "मला भूक न्हवती लागली, प्रतीक्षा."