इरम्माबाई गोटीवर बसल्या तेव्हा

आमच्या इरम्माबाईंचं बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आन् दोन्हीतबी तिखट. नळदुर्गच्या एका शाळेत त्या खेळाच्या बाई. घरामागच्या पत्र्याच्या शेडात सांजच्याला पोरींना वजन उचलायला शिकवतात. माझी वैष्णवी तेराव्या वर्षी तिथं जायला लागली, तवा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. पोरीची उंची खुंटंल, उद्या लेकरं कशी व्हायची, एक ना दोन. मीबी घाबरले, खोटं कशाला बोलू. सोलापूरला जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिकवणारं माणूस डोळ्यात तेल घालून उभं असंल आन् वजन झेपंल तेवढंच असंल, तर उंचीला काय होत न्हाय, उलट हाडं बळकट होतात. फकस्त ईर्ष्येनं उचलू देऊ नका.

इरम्माबाई तर निस्ता बांबू धरायला लावायच्या. महिनेच्या महिने बांबू. गल्लीतल्या बाया हसायच्या, पोरगी मांडव घालायला शिकती का म्हणून. वैष्णवी रडायची, लोखंड द्या म्हणायची. बाई म्हणायच्या, आधी पाठ सरळ ठेवायला शीक. मग थोडं थोडं लोखंड आलं, तेबी पोरगी हसत उचलंल एवढंच.

आन् आमचे युवराज भावजी, माझे धाकटे दीर. जिभेला हाड न्हाय. गावच्या मारुतीच्या जत्रेत देवळापुढचा भला मोठा गोल दगड उचलायची चाल हाय, गोटी म्हणतात त्याला. भल्या भल्या गड्यांना घाम फुटतो. भावजींनी मिशीला पीळ देत चारचौघांत सांगून टाकलं, औंदा आमची पुतणी गोटी उचलणार. हलगी सुरू झाली, पोरीला पुढं ढकललं. मी बायकांच्या गर्दीतनं ओरडले, पण हलगीत कुणाला ऐकू जातंय? वैष्णवी वाकली. चुलत्याची इज्जत जाईल म्हणून माघार घेईना. पोरीची पाठ मोडली तर?

तेवढ्यात इरम्माबाई गर्दी सारत आल्या. वैष्णवीला हातानं बाजूला केलं, गोटीला नमस्कार केला, पदर खोचला आन् सरळ गोटीवर बसल्या. हातातल्या पुडीतल्या शेंगा फोडून खायला लागल्या. हलगी थांबली. भावजी लालबुंद होऊन म्हणाले, उठा.

"न्हाय उठणार," बाई म्हणाल्या. "तुमची इज्जत एका दिसाची हाय. पाठ तिला जन्मभर पुरवायची हाय."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. भावजी लई दिवस आमच्याशी बोलले न्हायत. न्हाय तर न्हाय. म्या शेंगाच्या पोळ्या करून बाईंच्या घरी नेल्या आन् त्यांच्या पाया पडले. वयानं माझ्यापेक्षा धाकट्या, तरी पडले.

वैष्णवी आता सतरा वर्षांची हाय, माझ्यापेक्षा वीतभर उंच. राज्याच्या स्पर्धेला खेळून आली. सासूबाईंना वरच्या फळीवरचा डबा तीच काढून देती. बाईंचे उपकार फिटायचे न्हायत, आन् मला ते फेडायचेबी न्हायत. असू देत तसेच.

यंदाच्या जत्रेत भावजी त्यांच्या कृष्णराजला दंडाला धरून देवळाकडं निघाले. पोरगं अजून सातवीत. खोड जाती का माणसाची? जाऊन बघतात तर गोटीवर वैष्णवी आधीच बसलेली.

भावजींनी लेकाचा दंड सोडला, गुमान गाड्यावर गेले आन् पुतणीसाठी शेंगांची पुडी घेऊन आले.