बायांच्या गाडीला रकाना नाही

रागाच्या भरात ठरवलेलं चुकतं, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. मी माझी पुढची पदवी रागातच निवडली. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

सिव्हिलची डिग्री हातात आली, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुढच्या प्रवेशासाठी गेट परीक्षेचा अभ्यास चालला होता आणि घरी नुसतं बसायचं नाही म्हणून एका खासगी सल्लागाराकडे थोड्या दिवसांचं काम धरलं होतं. राळेगावकडच्या एका रस्त्याचं रुंदीकरण व्हायचं होतं. कडेला लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचं आणि जाणारी येणारी वाहनं मोजायची. कागदावर रकाने आखलेले: दुचाकी, कार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी, छोटी मालवाहू. वाहन गेलं की त्या रकान्यात एक रेघ. चार झाल्या की पाचवी आडवी.

कापूस वेचणीचे दिवस होते. पहिल्याच सकाळी आमच्या गावची छोटा हत्ती, माल वाहायची ती लहान गाडी, आली. मागे बाया उभ्या, दाटीवाटीने, डोक्याला रुमाल, हातात डब्यांच्या पिशव्या. त्यांत माझी माय. मला पाहून तिनं हात हलवला आणि बाकीच्या बायांना ओरडून सांगितलं, "थे पाहा माही पोरगी, सायेबीन होऊन बसली!" सगळ्या हसल्या. गाडी गेली.

माझी पेन्सिल कागदावर थांबली. सुपरवायझर मागेच उभा होता.

"काय झालं, मॅडम?"

"ह्यात माणसं होती. कुठं लिहू?"

"गाडी कोणती?"

"छोटा हत्ती."

"मग मालवाहू. एक रेघ ओढा."

"अन् बाया?"

"बाया नाही मोजायच्या. गाड्या मोजायच्या."

"बसमधले तरी प्रवासी धरता ना?"

"बसचं वेगळं असते." तो वैतागला. "मी थोडाच बनवतो हा कागद? वरून येतो."

"वर कोण बनवते?"

"प्लॅनर लोक असतात. तुम्ही रेघ ओढा."

मी रेघ ओढली. मालवाहूच्या रकान्यात.

संध्याकाळी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हंजे आमी माल?" तेव्हापासून ती रोज वावरातून आली की दारातूनच आवाज द्यायची, "आला व माल घरी. उतरून घे." बाबा हसायचे. मला हसू येत नव्हतं. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या बाया त्या गाडीनं जात, कारण सकाळी शेताच्या वाटेनं जाणारी बसच नाही. आणि बस नाही, कारण त्या वाटेनं प्रवासी आहेत असं कुठल्याच कागदावर दिसत नाही. हे दोन्ही एकमेकांना धरून बसलेलं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

उन्हाळ्यात दोन ठिकाणी नंबर लागला. एक, नागपुरात वाहतूक अभियांत्रिकीचं एमटेक. दुसरी, परराज्यात नियोजनाची मास्टर डिग्री, त्यात वाहतूक हा विषय. एकच जागा पक्की करायची होती आणि माझ्यासारखीला दुसऱ्यांदा शिकायला मिळत नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. वाहतूक नियोजनाच्या सरकारी नोकरीत जायचं, एवढं ठरलं होतं. तिथं कोणती डिग्री चालते, ते कोणी सांगेना. जुन्या जाहिराती काढून पाहिल्या. एकीत ही, दुसरीत ती, तिसरीत 'किंवा समकक्ष'. समकक्ष म्हणजे काय, ते कागद तपासणारा त्या दिवशी ठरवणार. मी एका कार्यालयात फोन लावला.

"जाहिरात निघाली की त्यात पहा," तिकडून बाई म्हणाल्या.

"जाहिरात निघाल्यावर शिकायला सुरुवात करू का मॅडम?"

फोन ठेवला गेला.

मग यवतमाळच्या माझ्या कॉलेजातल्या सरांकडे गेले. चार वर्षं त्यांनीच शिकवलेलं. दोन्ही अभ्यासक्रम त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दुसरा कागद बोटानं बाजूला सारला.

"प्लॅनिंग कशाला? इंजिनिअर आहेस ना तू? नकाशे रंगवत बसशील. एमटेक कर, नाही तर सरळ परीक्षा दे. तुमचं काय बाप्पा, जागा राखीव असतेच."

"राखीव जागेवरही परीक्षा देऊनच बसतात, सर."

"चिडते काहून? भल्यासाठी सांगून राह्यलो."

"मग भल्याचंच सांगा. ह्या दोन्हीतलं कोण तो मोजायचा कागद बनवते?"

"कोणता कागद?"

मी सांगितलं. सर हसले. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

मी उठून आले. चहा तसाच राहिला.

घरी दोन्ही अभ्यासक्रम पुन्हा वाचले. एमटेकमध्ये किती चाकांना किती जाडीचा रस्ता, चौकात सिग्नल किती वेळ, हे होतं. वाईट नाही ते; रस्ता खचायला नको हे मलाही कळतं. दुसऱ्यात घरोघरी जाऊन विचारायचं होतं: कोण कुठं जातं, कशानं जातं, कशाला जातं. नोकरीच्या दृष्टीनं पहिली डिग्री पक्की होती, कारण इंजिनिअर शब्दाला कोणताच बाबू अडवत नाही. मी दुसरी जागा पक्की केली. बाबांनी एकदाच विचारलं, "नोकरी लागन ना?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "बरं." त्यांचं ते 'बरं' अजून माझ्या पाठीवर आहे.

इथं परराज्यात आल्यावर पहिल्याच सत्रात सर्वेक्षणाचा कागद स्वतः आखायचा होता. मी रकाना काढला: मालवाहू वाहनातली माणसं. शिकवणारे सर चांगले आहेत, शांतपणे बोलतात. त्यांनी रकान्याभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही, मग शासनाच्या कागदावर ती मोजायची कशी?

म्हणजे माझ्या मायला मोजायचं नाही, आणि ते अगदी नियमाला धरून. यवतमाळच्या सरांचं हसणं मी सोसलं होतं. हे सोसवलं नाही. त्याच दुपारी मायला फोन लावला. ती शेतात होती, मागे बायांचा गलका.

"काय म्हन्ला तुहा मास्तर?"

सांगितलं.

ती बायांपासून जरा बाजूला झाली. मग म्हणाली, "विचार त्याले, मंग कशानं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर सरांनी अजून दिलेलं नाही. नोकरीची जाहिरातही अजून निघालेली नाही. कागद मी पुन्हा आखून दिला. रकाना कायम आहे, आता सगळ्यात वर.