पुतणीची केमिस्ट्रीची जागा

आमच्या घरात थोरल्याचा शब्द शेवटचा. हार्डवेअरचं दुकान दोघा भावांचं, घरही एकच. गिऱ्हाइकं धाकट्याभोवती जमतात, पण घरात काही ठरवायचं झालं की तो माझ्या तोंडाकडे बघतो. थोरलेपणाचं एवढंच सुख मला मिळालं आणि गेल्या उन्हाळ्यात मी तेच वाईट कामाला वापरलं.

माझा मुलगा आणि धाकट्याची मुलगी एकाच कॉलेजात बी.एस्सी.ला. पहिलं वर्ष संपल्यावर मुख्य विषय निवडायचा होता. केमिस्ट्री घेतली तर चिंचोळीच्या औषध कारखान्यांत, नाहीतर पुण्या-हैदराबादच्या लॅबमध्ये नोकरी मिळते, हे मी वर्षभर सांगत होतो. सांगत होतो मुलाला. पुतणी शेजारी बसून ऐकत होती. यादी लागली तेव्हा शेवटची जागा तिला मिळाली आणि मुलगा प्रतीक्षायादीत पहिला राहिला.

धाकटा दुकानात पेढे घेऊन आला. "अण्णा, तोंड उघडा की. तुमच्याच सांगण्यानं झालं हे."

मी पेढा गिळला. माझ्या पोरासाठी केलेला घास दुसऱ्याच्या पोरीनं उचलला, असं दिवसभर वाटत राहिलं. खिळे तोलतानाही तेच.

संध्याकाळी पुतणी पाया पडायला आली. ती मला दोड्डप्पा म्हणते, म्हणजे थोरला काका. मंद्रूप गाव सोडून शहरात आलो तरी आमच्या घरातली नाती कन्नडमध्येच राहिली.

मी म्हणालो, "बघ बाई, केमिस्ट्री लई अवघड. कारखान्यात रात्रपाळी, अ‍ॅसिडची भीती. उद्या स्थळं आली की लोक विचारतात. बॉटनी घे, पुढं बी.एड. कर."

"पण दोड्डप्पा, नोकऱ्या केमिस्ट्रीतच हायत म्हणून तुमीच सांगत होता की!"

"ते पोरांसाठी."

ती उठून आत गेली. आमच्याकडे थोरल्याशी वाद घालत नाहीत, हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी शटर वर करताना धाकटा म्हणाला, "पोरगी रडायलीय. पण अण्णा म्हणाले म्हणजे विचार करूनच म्हणाले असतील. उद्या जाऊन विषय बदलून घेईल." त्यानं भांडण केलं असतं तर मी माझंच खरं केलं असतं. त्याच्या आवाजात शंकाच नव्हती.

त्या दिवशी दुपारी जेवताना मुलानं विचारलं, "ती खरंच सोडणार हाय? मग माझा नंबर लागतोय की!" त्याचा चेहरा उजळला होता. ते बघून आधी मला बरं वाटलं. मग ताटातला घास हातातच राहिला. ती आत रडत होती आणि हा हसत होता. हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या सकाळी पुतणी विषय बदलायला कॉलेजला निघाली, चपला पायात घालत होती. मी म्हणालो, "केमिस्ट्रीच राहू दे."

"आणि रात्रपाळी?"

"काल चौकशी केली मी. सगळीकडे नसते."

चौकशी मी कुठंच केली नव्हती. खरं कारण सांगायला तोंड उघडलं नाही. ती पुन्हा पाया पडायला वाकली, तेव्हा मी मागं सरकलो.

मुलगा बॉटनीला गेला. माझ्याशी कामापुरतं बोलतो. पुतणीचा पांढरा एप्रन गच्चीवर वाळताना दिसला की अजूनही मनात येतं, हा माझ्या पोराचा असता. लाज वाटते, पण ते थांबत नाही. तिला वाटतं, दोड्डप्पांनी दोनदा विचार करून आपलं भलं केलं. प्रॅक्टिकल झालं की घरी येऊन आधी मलाच सांगते, आज कशात काय घातलं, कोणता रंग आला. मी मान हलवत ऐकतो. आतल्या खोलीत मुलगाही ऐकत असतो.