निलेशच्या बरणीतले बुडबुडे

किस्से ठरवून जमत नाहीत. ते सिंकमधल्या भांड्यांसारखे साचतात आणि मग कुणाला तरी बसून निस्तरावे लागतात. आमच्या खराडीच्या फ्लॅटमध्ये ते साचले निलेशमुळे. हा माझा रूममेट, अमरावतीचा, आयटी कंपनीत सपोर्ट टीमला. घरी मीड करतो, म्हणजे मधाच्या पाण्यात यीस्ट घालून आंबवलेली वाइन. आणि स्वतः थेंबही घेत नाही! पितो आम्ही, तो नुसता बरणीकडे बघत बसतो.

त्यात त्याचं केतकीशी जमलेलं. केतकी आमच्याच ऑफिसातली, शनिवार पेठेतली. तिच्या बाबांची जावयासाठी एकच अट, मुलगा निर्व्यसनी हवा. म्हणजे त्यांना बरणी दिसली की लग्न गेलं!

\* \* \*

पहिली बॅच सुरूच होईना. निलेशने मधाचं पाणी तापवलं आणि वाफा निघत असतानाच त्यात यीस्ट ओतलं. बरणीत हालचाल शून्य.

केतकीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्याकडे दही उकळत्या दुधात लावतात का रे?"

निलेश गुपचूप नवं यीस्ट घेऊन आला.

\* \* \*

पुढच्या वेळी एअरलॉक ढिम्म. एअरलॉक म्हणजे झाकणावरची पाणी भरलेली नळी, आतला गॅस तिच्यातून बुडबुडत बाहेर पडतो. आम्ही तिघं आयसीयूबाहेर बसल्यासारखे तिच्याकडे बघत बसलो.

"मेलं," मी म्हणालो.

"मरून नाही राहिलं बे, झोपून राहिलं!" निलेश म्हणाला.

वैतागून मी झाकण जोरात दाबलं, तर नळी बुडबुडायला लागली! झाकणच नीट बसलं नव्हतं, गॅस कडेने निघून जात होता. निलेशने मला मिठी मारली. पेढे वाटायचेच बाकी होते.

\* \* \*

यीस्टला नुसत्या मधावर पोषण कमी पडतं आणि मग बरणीला सडक्या अंड्यांचा वास सुटतो. आम्हाला हे नंतर कळलं. वास आधी शेजारच्या काकूंना कळला आणि त्यांनी थेट गॅसवाल्याला बोलावलं!

तो आला. साबणाचं पाणी लावून सिलेंडर, नळी, शेगडी सगळं तपासलं. बरणी आम्ही ओट्याखाली गोणपाटाआड दडवली होती. शेवटी तो निलेशला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, गॅस ओके आहे. तुम्ही पोटाचं दाखवून घ्या."

माझा जीव भांड्यात पडला. निलेश मात्र पुढचे कित्येक दिवस काकूंची नजर चुकवत जिना उतरायचा.

\* \* \*

मग निलेशने यीस्टसाठी खुराकाची पावडर आणली आणि ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालू असतानाच ती सगळी एकदम बरणीत टाकली. फेस उसळला तो थेट भिंतीवर!

मॅनेजरने विचारलं, "निलेश, मागे काय चाललंय?"

"काही नाही सर, नवा कोड प्रॉडक्शनला टाकला तो फसला, आता रोलबॅक करून मागे घेऊन राहिलो!"

\* \* \*

डिसेंबरात थंडीने बरणी पुन्हा बंद पडली. निलेशने तिला स्वेटर घातला, वर कानटोपी चढवली आणि हॉलमध्ये उन्हात ठेवली. नेमके तेव्हाच, केतकीही आमच्याकडे असताना, तिचे बाबा मुलगा बघायला न कळवता दारात!

ते सरळ बरणीसमोर जाऊन उभे राहिले. "हे काय?"

मी मागून 'व्हिनेगर, व्हिनेगर' असे ओठ हलवतोय. केतकीने डोळे मिटले.

"मधाची दारू आहे काका," निलेश म्हणाला.

"आपण पिता?"

"नाही काका."

"मग करता कशाला?"

निलेशने डोकं खाजवलं. "ती बंद पडते ना काका. का पडली ते शोधून परत चालू करायला बरं वाटते."

बाबांनी चष्मा लावला. खुर्ची ओढून बसले. कानटोपी उचलून बघितली, परत होती तशी ठेवली. चहा घेतला, साखर जास्त झाल्याचं सांगितलं. 

निघताना चपला घालता घालता ते निलेशकडे वळले.

"आमच्याकडे दिवाळीपासून मिक्सर बंद आहे. रविवारी या. जेवायलाच या."