कोपऱ्याच्या गाळ्यात कुणी टिकेना

माझी धाकटी बहीण नर्स होती. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात; हिनं बाजारातली इमारत घ्यायचं मनावर घेतलं. खाली तीन गाळे, वर दोन बिऱ्हाडं. फंडाचे सगळे पैसे त्यात जाणार. भाडं थकलं, तर म्हातारपणी ती हात पसरणार माझ्यापुढे. तेव्हा मी मध्ये नाक खुपसलं, ते योग्यच केलं.

इमारत धडधाकट होती. फक्त कोपऱ्याच्या गाळ्यात कुणी टिकत नव्हतं. चपलांवाला गेला, झेरॉक्सवाला गेला, केकवाली तर भांडून गेली.

"काहींना जागा लाभत नाही," दलाल आवाज खाली आणून म्हणाला.

"हे काही निदान नव्हे हो," बहीण म्हणाली, आणि मालकाकडून तोच गाळा तीन महिने भाड्यानं घेऊन मोकळी झाली. मी कपाळाला हात लावला.

"पेशंटला आधी वॉर्डात ठेवतात, ताई. कापायचं काय ते मग ठरतं."

तिनं लोकर आणि सुया मांडल्या. मी दारात खुर्ची टाकली. वरचा जिना गाळ्याला अगदी खेटून. सकाळीच वरच्या मास्तरीणबाई उतरल्या आणि किल्ली काउंटरवर ठेवून गेल्या. "मुलगी आली की द्या हं." मग कुणाचं पार्सल. मग गॅसचा सिलेंडर. दुपारी दुसऱ्या बिऱ्हाडातली सून तान्हं बाळ देऊन गेली, "दोनच मिनिटं, मावशी." आलेलं गिऱ्हाईक बाळाला बघून हसलं आणि लोकर न घेताच गेलं.

"नाही म्हणायला तोंड नाही का तुला?"

"चपलांवाल्यालाही नव्हतं. सापडलं की नाही दुखणं?"

तिनं इमारत घेतली. जिना हलवायचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून वरच्यांचं भाडं थोडं चढवलं, कोपऱ्याचं तेवढंच उतरवलं, आणि किल्ल्या-पार्सलं सांभाळणं हे त्या गाळ्याचं काम म्हणून करारात घातलं.

"इतकी वर्षं हे फुकट होतं," मास्तरीणबाई कुरकुरल्या.

"फुकट नव्हतं, बाई. चपलांवाला भरत होता."

आता तिथे घड्याळं दुरुस्त करणारा बसतो. दुसरं वर्ष लागलं, हलायचं नाव नाही. भाडंही वेळेवर.

बाळाचं मात्र करारात घालायचं राहिलं. परवा मी सहज तिथे टेकले होते. सून ते माझ्या मांडीवर ठेवून गेली. दोनच मिनिटं म्हणाली. माझे पाय बधिर झाले, तरी सूनबाईंचा पत्ता नाही.