वैशाली तांबेंचा डावा कव्हर

वैशाली तांबे रागीट आहे, हे डिलाईल रोडला कुणालाही विचारा. दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर बसते तिथेही तोंड सोडते, आणि संध्याकाळी परळच्या कॉलेजात मुलींना कबड्डी शिकवते तिथे तर बोलायलाच नको. कबड्डीने तिला नोकरी दिली आणि उजवा गुडघा नेला. त्याबद्दल तिची तक्रार नाही. तिची तक्रार मूर्खपणाबद्दल.

मूर्खपणा असा, की वर्षानुवर्षं कॉलेजच्या टीममध्ये काटकुळ्या मुली भरायच्या. हातात हात घालून साखळी करायची, आणि समोरून एखादी दांडगी चढाईला आली की तिने साखळीसकट सगळ्यांना मधल्या रेषेपर्यंत ओढत न्यायचं. दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी. यंदा वैशालीने साखळी मोडली. चपळ मुली कोपऱ्यात ठेवल्या, त्यांनी घोटा धरायचा. त्यांच्या शेजारी कव्हरला दोन थोराड मुली. त्यांनी काही धरायचं नाही, चढाईवाली परत पळाली की तिच्या वाटेत अंग घालून ब्लॉक करायचं. बस.

उजव्या कव्हरला दीपिका. डाव्याला अपेक्षा घाडी. वर्गातली पोरं तिला टँकर म्हणायची, म्हणून ती ओढणी पोटाशी धरून पोक काढून चालायची. वैशालीने पहिल्याच दिवशी ओढणी काढून खुर्चीवर टाकली. "जेवढी आहेस तेवढी उभी राहा," म्हणाली. पोरगी उभी राहिली. टीम फायनलला गेली ती तिच्या जोरावर, आणि तिची पाठ कधी सरळ झाली ते तिलाही कळलं नाही.

मग फायनलच्या तोंडावर ब्लॉक फुटायला लागला. सरावात दीपिकाचा साधा धक्का बसला तरी अपेक्षा मागे जायची. आळस भरलाय म्हणून वैशालीने तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पोरगी चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा दीपिकाने सांगितलं, की हिला घरी दोन्ही वेळा काकडी आणि ताक मिळतं. रविवारी संध्याकाळी मुलाकडचे बघायला येणार होते. फायनल त्याच दिवशी दुपारी.

वैशाली तशीच घाड्यांच्या खोलीवर गेली. आई शैला तव्यावर बांगडे तळत होती, नवऱ्यासाठी आणि मुलासाठी. ते पाहून वैशालीचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. भिंतीवर मंडळाच्या जुन्या कबड्डी टीमचा फोटो होता, मधोमध अपेक्षाचा बाप.

"गंगाधरभाऊ, लोक काय म्हणायचे हो तुम्हाला?"

"हत्ती," गंगाधर म्हणाला, आणि सांगताना फुलला.

"मग त्या मांड्या उतरवायला किती दिवस काकडी घातली तुम्हाला?"

शैलाने बांगडा उलटला. "तुमचा काय जाता, मॅडम? लगीन आमका करूचा आसा. तुम्ही केलात नाय, तुमका काय कळतला?"

हे लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते गंगाधरचं गप्प बसणं. हत्ती म्हणवून घेणारा माणूस ताटात मान घालून जेवत राहिला. वैशाली निघून आली.

रविवारी दादरला खेळाडूंची वजनं झाली. बाकीच्या टीमच्या मुली मर्यादेत बसायला घाम गाळत होत्या. अपेक्षा काट्यावर चढली तर मर्यादेपेक्षा तब्बल सात किलो कमी. सामन्यात समोरच्यांनी हे लगेच ओळखलं. प्रत्येक चढाईवाली परत पळाली ती डाव्या कव्हरच्याच अंगावर. अपेक्षा दरवेळी बरोबर जागेवर होती, अचूक आडवी. फक्त अंग पुरलं नाही. दोन गुणांनी टीम हरली.

वैशाली तिला एक अक्षर बोलली नाही. कुणावर ओरडायचं ते तिला पक्कं माहीत होतं, आणि तो प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर पिशवी मांडीवर धरून बसला होता. ती लंगडत वर गेली.

"डबा आणलाय," गंगाधर पुटपुटला. "शैलाला न सांगता."

"आज? सामना हरल्यावर?" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले, बघोत. "पंधरा दिवस पोरगी तुमच्यासमोर उपाशी होती. तुम्ही बांगडे खात होतात. लाज नाही वाटली?"

तिने पिशवी ओढून घेतली, अपेक्षाला हाक मारली आणि खाली मॅटच्या कडेला, सगळ्यांदेखत डबा उघडला. भात, माशाचं तिखलं आणि दोन तळलेले बांगडे.

मागोमाग खाली आलेल्या गंगाधरचा फोन वाजला. शैलाचा होता, पाहुणे यायची वेळ झाली होती. अपेक्षाने घास हातातच धरून बापाकडे पाहिलं. गंगाधरने फोन बंद करून खिशात टाकला आणि तो लेकीशेजारी जमिनीवर बसला. वैशालीचा राग यानेही उतरला नाही. तिने फक्त बजावलं, की बुधवारी सराव आहे आणि डबा त्यानेच आणायचा, सरावाआधी.

अपेक्षा खाली मान घालून जेवत होती. एक बांगडा संपल्यावर तिने हळूच विचारलं, "बाबा, दुसरापण माझाच?"